खलाशाच्या गळ्यात बंदूक

शिवदास ओव्हाळ मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर होता. २००९ साली एडनच्या आखातात चाच्यांनी त्याचं जहाज पळवलं. त्याच्या हाताखालच्या दर्शननं एका चाच्याची बंदूक हिसकावली. पण ती चालवायची कशी हे त्याला कळेपर्यंत दुसऱ्या चाच्यानं त्याला गोळी घालून ठार केलं. दोन महिन्यांनी सुटून शिवदास क्वीन्सटाउनच्या घरी आला.

पुढे जहाजमालकांच्या सभेला त्यालाही बोलावलं होतं. एक वक्ता म्हणाला, "खलाशांना बंदूक बाळगायचा हक्क हवा. सरकारांनी कायदे बदलावेत!"

टाळ्या पडल्या. शिवदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हक्क कसला?" तो उभा राहून ओरडला. "पहारेकऱ्यांवर खर्च करायला नको, म्हणून आमच्या गळ्यात बंदूक अडकवताय! सरकारला सांगायचंच असेल, तर नौदल पाठवा म्हणा!"

"बसा, मिस्टर ओव्हाळ," त्याच्या कंपनीचा मॅनेजर म्हणाला.

"दर्शनच्या आईला सांगा हे हक्काचं, मग बसतो."

कंपनीनं त्याला पुन्हा जहाजावर काम दिलं नाही. त्यानं गोदीत दुरुस्तीचं काम धरलं.

"गप्प बसला असतात तर?" बायको विद्या एकदा म्हणाली.

"विद्या, टाळ्या वाजवणाऱ्यांतला एकही कधी बोटीवर चढलेला नाही," तो म्हणाला.