मालनकाकी उठते तो शॉट

पावस गावची संध्या बारा वर्षं लग्नांचं शूटिंग करत होती. पाठवणीच्या वेळी कॅमेरा नवरीच्या डोळ्यांशी न्यायचा, पाणी आलं की तिथेच थांबायचं, हे तिच्या हातात मुरलं होतं.

यंदा तिने स्वतःची दहा मिनिटांची फिल्म करायला घेतली, हर्णेच्या मालनकाकीवर. काकीचा नवरा समुद्रावर गेला तो परतला नाही. तोवर ती घरच्या होडीची मासळी विकायची. पंधराव्या दिवशी ती संध्याकाळच्या लिलावात गेली आणि तिने पहिल्यांदा दुसऱ्याच्या मासळीवर बोली लावली. तोच प्रसंग काकी आता कॅमेऱ्यासमोर स्वतः करणार होती.

पहिल्या दिवशी संध्या टेम्पोच्या टपावर चढली. वरून सगळी गर्दी आणि मधोमध एवढीशी काकी. शॉट तिला फार आवडला. तिने तो काकीला दाखवला.

"ही कोण गो?"

"तुम्हीच की काकी."

"मी अशी बिचारी नव्हते. वरून बघितलंस म्हणून तशी दिसते."

"बघणाऱ्याला वाईट वाटायला नको का?"

"वाईट वाटून काय करतील? मला त्या दिवशी सुरमई घ्यायची होती."

परतताना एसटीत संध्याने तो शॉट पुन्हापुन्हा पाहिला. काकीचं खरं होतं. हा शॉट ठेवायचा नाही, तिने ठरवलं.

दुसऱ्या खेपेला ती चेहऱ्याजवळ गेली, तर काकीचा चेहरा दगडासारखा झाला. तिसऱ्या खेपेला शॉट अगदी खालून घेतला. तो बघून काकी हसली. "आता देवळात बसवतेस काय मला?"

संध्या पुन्हा आली. या वेळी काकी टोपलीपाशी उकिडवी बसली होती. संध्याही शेजारी ओल्या वाळूत बसली आणि कॅमेरा काकीच्या डोळ्यांच्या उंचीला धरला. समोर नुसते पुरुषांचे पाय, गुडघे, लुंग्या. त्या दिवशी काकीला हेच दिसलं असणार. मग काकी उठली. तिच्याबरोबर, तिच्याच वेगाने, कॅमेराही उठला. पायांच्या जागी चेहरे आले, तिच्याकडे बघणारे. काकीने बोली लावली.

कॅमेरा हलला होता. संध्याने शॉट पुन्हा घेतला. मग कोणाचा धक्का लागला, मग उजेड गेला. तीन संध्याकाळी ती त्याच जागी बसली, गुडघ्यांतून कळा येईपर्यंत. विसावा प्रयत्न जमला.

फिल्म हर्णेच्या शाळेत दाखवली. पुढच्या रांगेत मासळी विकणाऱ्या बायका होत्या. कोणी डोळ्यांना पदर लावला नाही. कॅमेरा उठू लागला तशा त्या बाकावर ताठ होत गेल्या.

संपल्यावर काकी म्हणाली, "ते उठल्याचं परत लाव."

संध्याने लावलं.