सुनंदाक्कांची दोन वाट्या उसळ

दार वाजवणं सुनंदाक्कांना ठाऊक नव्हतं. घरातूनच ओरडत यायच्या, "बाई, जेवलासा का? मी उसळ खाल्ली, दोन वाट्या!"

मुलांनो, शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. इमारतीला लिफ्ट नाही. यजमान गेल्यापासून अक्का एकट्याच राहत. जयसिंगपूरचा मुलगा सारखा न्यायला येई. "सून चांगली हाय की, पण हितं माझं राज्य हाय," म्हणून त्या त्याला चहा पाजून परत पाठवत. ते राज्य टिकायचं तर जिना चढता यायला हवा होता, आणि आम्हा दोघींचेही गुडघे गेले होते.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन मी करीन, पण नंतरचं चालणं आधीच्या तयारीवर आहे. या वयात अशक्त माणूस खाटेवरच राहतो." सहा आठवडे हात न टेकता खुर्चीतून उठायचं, श्वासाचे व्यायाम करायचे आणि दोन्ही वेळा डाळी, दूध, पनीर खायचं. रोज काय खाल्लं ते लिहायला मी वही घातली. संध्याकाळी अक्का सांगत, मी लिहीत असे. व्यायामात त्या माझ्या पुढे. मी दमले की म्हणत, "शाळंत पोरांस्नी उठाबशा काढायला लावलासा, आता फेडा की!"

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी अक्कांना विचारलं, "वजन उतरलंय. नीट खाताय ना?"

"बाईंची वही बघा की!"

मी अभिमानानं वही पुढे केली. त्यांनी तारीख दिली.

माझं ऑपरेशन आधी झालं. दुसऱ्याच दिवशी मी उभी राहिले. आठवड्यानं अक्कांचं झालं आणि त्या उठेचनात. चक्कर यायची, जखम भरेना, मग छातीत कफ झाला. एक दिवस त्यांची सून सहज बोलून गेली, "ऑपरेशन चांगलं व्हावं म्हणून दोन महिने एकाशन चाललं होतं त्यांचं. दिवसातनं एकदाच जेवण, तेबी दूध-तूप सोडून. तुम्हाला म्हायती न्हवतं?"

मी अक्कांच्या खाटेशी गेले. "अक्का, मला का नाही सांगितलंत?"

"उपास करू दिला असतासा व्हय?"

"नसता दिला."

"मग?" एवढं बोलून त्यांनी कूस बदलली.

व्रताचा मला राग नाही. श्रद्धा त्यांची. पण रोज माझ्या डोळ्यांत बघून त्यांनी वाट्या मोजल्या, आणि ते खोटं माझ्या अक्षरात डॉक्टरांपुढे गेलं. उपास आहे एवढं कळलं असतं, तर डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली असती.

घरी आणल्यावरही अक्का उठेनात, तेव्हा शेवटी मुलगा न्यायला आला. दोघा माणसांनी खुर्चीत बसवून त्यांना जिन्यानं खाली आणलं. गाडीत बसताना त्यांनी माझा हात धरला.

"रागावलासा, बाई?"

"हो."

"रागवा. येतो मी."

गाडी गेल्यावर मी काठी न घेता, कुठंही न थांबता वर चढून आले. तेवढं बळ माझ्या पायांत त्यांनीच आणलं होतं. स्वतःच्या पायांत मात्र ते येऊ दिलं नाही. राग अजून गेलेला नाही, तो त्याचाच.