इंदूची चुकलेली पायरी

दत्ताचा फोन आला तेव्हा मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी "निघते" म्हटलं, फोन ठेवला आणि राहिलेल्या चार कपड्यांच्या घड्या आधी पुऱ्या केल्या. नातवंडांनो, ती राहू गावात राहायची म्हणून तुम्ही तिला राहूची आजी म्हणायचात. माझी ती धाकटी जाऊ, इंदू. आमचं कधी पटलं नाही. दहाव्याला नदीकाठी बायका मला दाखवून एकमेकींना सांगत होत्या, "ह्या थोरल्या. ह्यांनीच तिचं डोळं वाचवलं. बहिणीगत ऱ्हायल्या दोघी." आता लिहिते आहे, ते पुढं कुणी असंच खोटं सांगत राहू नये म्हणून.

मी शिरूरला शाळेत इंग्रजी शिकवत होते. ती सासरी राहूला शेत, जनावरं आणि सासूबाई सांभाळून शिलाईचं मशीन चालवायची. सणाला मी एसटीतून उतरून घरी पोचले की दारातच म्हणायची, "आल्या बघा पाव्हण्या. पाट मांडा कुणीतरी." मी तिचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवायचे, आणि माझी पाठ फिरली की ती ते पुन्हा विस्कटून टाकायची. मला ती कजाग वाटायची, तिला मी पळपुटी वाटायचे, आणि दोघींचंही अगदीच चूक नव्हतं. तिची शिलाई मात्र देखणी होती. मांडवगण फराट्याहूनसुद्धा बायका तिच्याकडं ब्लाउज शिवायला यायच्या. त्या घरात तिच्या शब्दाला जी काही किंमत होती, ती त्या मशीनमुळं होती. सासूबाईंच्या भाचीचा त्यावर डोळा होता, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

तिच्या मरणाआधी बारा वर्षं, एका लग्नाहून परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हिसका बसला आणि तिचं डोकं कडेच्या लोखंडी फाळक्यावर आपटलं. दौंडच्या दवाखान्यात फोटो काढला, कवटी शाबूत निघाली, आणि घरच्यांच्या लेखी विषय संपला. पण तिचं डोकं ठणकत राहिलं, उजेड सोसेना. खाली पाहिलं की प्रत्येक वस्तू दोन दिसायची, एकीच्या डोक्यावर दुसरी. सुई दोन, पायरी दोन, भाकरी दोन. एक डोळा झाकला की सगळं पुन्हा एक. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत मशीन भाचीच्या घरी गेलं असतं. ती नुसती पदर पुढं ओढून एक डोळा झाकू लागली… आणि सासूबाईंना वाटलं, सुनेला मर्यादा कळायला लागली! आल्यागेल्याला त्या कौतुकानं सांगायच्या, "धाकटीला आता समज आली. न्हाईतर आमची थोरली. शिकली खरी, पन डोक्यावर पदर काय ठरत न्हाई तिच्या."

गौरीच्या हळदीकुंकवाला मी राहूला गेले तेव्हा चारचौघींत त्यांनी हे माझ्या तोंडावर म्हटलं. बायका हसल्या. इंदूही हसली, पदराआडून. थोड्या वेळानं ती बशांचं ताट घेऊन मागच्या ओट्यावर निघाली, तशी मी तिच्या मागं गेले. तिथं आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "कुणासाठी चाललंय हे सोंग? माझ्यापुढं तरी नको." ती म्हणाली, "सरा, मास्तरीणबाई. वाट सोडा." मी वाट सोडली नाही. हात घालून तिच्या तोंडावरचा पदर ओढला. तिनं खाली पाहिलं, पाय पुढं टाकला, आणि जिथं पायरी नव्हती तिथं तो पडला. बशा फुटल्या. डोकं पुन्हा आपटलं, या वेळी दगडी पायरीच्या कडेवर. आतून सगळ्या धावत आल्या तेव्हा ती डोळे मिटूनच म्हणाली, "काय न्हाई. पायरी चुकली."

त्या दुपारी तिच्या उलट्या थांबेनात. रात्री मी खोदून विचारल्यावर तिनं कबूल केलं की खाली पाहिलं की सगळं दोन दिसतं. दुसऱ्या दिवशी मी इंदूच्या नवऱ्याकडून, दत्ताच्या आबांकडून, जीप मागवली आणि तिला शिरूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एकेक डोळा तपासला. एकेकटा डोळा उत्तम होता. "जोडीनं मात्र काम करत नाहीत," ते म्हणाले. "मेंदूला हादरा बसला की डोळा फिरवणारी एखादी नस दुखावते. काही महिने वाट बघू, बऱ्याच वेळा आपोआप सुधारते." इंदू माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हंजी जोडीनं चालंना, आमच्या दोघींवानीच की." डॉक्टर हसले. मग त्यांनी विचारलं, "त्या पहिल्या मारानंतर पुन्हा कुठं लागलंय का? एवढ्यात दुसरा मार बसणं फार वाईट." इंदूनं तेच उत्तर दिलं, "पायरी चुकली व्हती." डॉक्टरांनी मला बजावलं, तिसरा मार यांना सोसणार नाही, जपा.

तीन महिने मी तिला शिरूरला ठेवून घेतलं. गावभर माझं कौतुक झालं. ते कौतुकाचं काम नव्हतं, मी घाबरले होते. साध्या चष्म्याच्या एका काचेवर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं धुरकट चिकटपट्टी लावली. खिडकीला जाड पडदा, एसटीचा प्रवास बंद, टीव्ही बंद. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला मी चुन्याचा पट्टा ओढला. भिंतीवर वेळापत्रक लावलं : जवळचं काम पाच मिनिटं, मग पंधरा मिनिटं डोळे मिटून. डोकं दुखू लागलं तर पाचाच्या आधीच थांबायचं. ती चष्मा काढून, मान वर करून त्या कागदाकडं बघत म्हणाली, "एक पुरलं नसतं व्हय? दोन दोन लावल्यात." चौथ्या दिवशी तिनं गजराचं घड्याळ पलंगाखाली फेकलं. "पोरगी हाय का मी तुमच्या शाळंतली?" मी ते उचलून पुन्हा तिच्या उशाशी ठेवलं. एकदा माझी नजर चुकवून ती तासभर सुईत दोरा ओवत बसली आणि नंतर दोन दिवस उठली नाही. मी तिला नको ते बोलले. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मशीन गेलं तर माझं काय ऱ्हातं त्या घरात? तुम्हाला पगार हाय, तुम्हाला काय कळायचं." हे मला कळत होतं. रोज रात्री माझ्या ओठांवर येत होतं की इंदू, पदर मी ओढला, चुकलं माझं… पण ती सकाळी उठून चहाला नाक मुरडायची आणि मीही गिळून टाकायचे.

दिवाळी उलटल्यावर पाचाची दहा मिनिटं झाली, दहाची वीस. थोडा दोष राहिला तो पुण्याहून करून आणलेल्या खास काचांनी भागला. ती राहूला परतली आणि मशीनवर बसली. गुंतागुंतीचं काम तिनं सोडलं आणि दुपारी तासभर पडायची. जिना उतरताना शेवटपर्यंत कठड्याला धरूनच उतरली. मशीन कुठं गेलं नाही. गावात ती सांगायची, "तीन महिनं डांबून ठेवलं बाईनं. वर भाजी आळणी." माझे आभार तिनं कधी मानले नाहीत. का मानावेत?

दहाव्याहून परतल्यावर मी तिच्या खोलीत गेले. दत्ता आणि त्याची बायको तिचे कपडे आवरत होते. मशीनवर कुणाचा तरी अर्धा ब्लाउज तसाच होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "दत्ता, तुझी आई गौरीत पडली ना, ती पायरी चुकून नाही. मी तिचा पदर ओढला होता." दत्तानं हातातली साडी खाली ठेवली नाही. "ठावं हाय, काकू," तो म्हणाला. "आईनं आम्हाला तवाच सांगितलेलं. आबांना, आजीला, समद्यांना. म्हनाली, तुम्ही कुणी इषय काढायचा न्हाई. तिला आपल्या तोंडानं सांगू द्या, बघू किती वर्सं लावती."

बारा वर्षं लावली. त्या बारा वर्षांत प्रत्येक सणाला मी त्या घरात ताठ मानेनं बसून चहा घेतला. आणि मला कप आणून देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.