तोंड हुंगणारे कवडूभाऊ

आमच्या आंधळगावच्या प्रार्थनाघरात देवाची कृपा फुकट मिळते, पण आत शिरायला आधी कवडूभाऊंना तोंड हुंगू द्यावं लागतं. तुमसरच्या राईस मिलमध्ये तीस वर्षं चाळणीवर काढलेला हा माणूस. येशूच्या विश्वासात आल्यावर त्यांनी स्वतःचा तंबाखूचा खर्रा सोडला आणि अख्ख्या गावाच्या तोंडाची जबाबदारी घेतली. वास आला की माणूस दारातूनच परत. "पहिले तोंड साफ कर, मंग येशूले भेट," म्हणतात.

मागच्या रविवारी धानाचं रोवणं नुकतंच आटोपलं होतं. आठवडाभर गालात खर्रा धरून चिखलात राबलेली माणसं आली. भाऊंनी झाडून सगळ्यांना अडवलं, स्वतःच्या बायकोला, गिरजाबाईलासुद्धा. आत उरले पास्टर आणि भाऊ.

पास्टरांनी रिकाम्या सतरंज्यांकडे पाहिलं, बायबल उचललं आणि बाहेर कडुलिंबाखाली थांबलेल्या माणसांत जाऊन प्रार्थना सुरू केली. भाऊ काही दार सोडेनात.

शेवटी गिरजाबाईनं तिथूनच हाक मारली, "आता कोणाले अडवून राहिले जी? या इकडं. इथं कोणी तोंड हुंगत नाही, तुमचंबी नाही."