छिऊमोईचा वारा

छिऊमोईवर जे गुदरलं ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या तैवानातल्या शिंचूच्या डोंगरात नवव्या महिन्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. त्या वाऱ्यावर माझ्या गच्चीत तांदळाच्या शेवया वाळतात आणि शेजारच्या अंगणात छिऊमोईची पर्सिमनं, टोमॅटोसारखी दिसणारी गोड केशरी फळं. फळं सोलायची, बांबूच्या सुपांत मांडायची आणि रोज एकेक हलक्या अंगठ्याने चेपायचं, हा तिचा चाळीस वर्षांचा उद्योग. तिच्या फळाला दुसऱ्याने हात लावला की चापट बसते, मग तो गिऱ्हाईक असो की पोलीस.

गावसमितीच्या अध्यक्षाला, चुंगला, पर्सिमनचं वारसाभवन बांधायची हुक्की आली. जागा छिऊमोईच्या अंगणाच्या उत्तरेची, भूमिदेवाच्या देवळाच्या मालकीची. देवळाची जागा म्हणजे कौल लावायलाच हवा. सगळा गाव जमला. चुंगने लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेऊन देवाला विचारलं, "आजोबा, गावच्या पर्सिमनचं नाव मोठं व्हावं ना?" तीनदा टाकल्या, तीनदा एक उताणी, एक पालथी पडून होकार आला. असल्या प्रश्नाला कुठला देव नाही म्हणेल? छिऊमोईनेही भक्तिभावाने उदबत्ती लावली. इमारत किती उंच, वाऱ्याचं काय, हे कुणी विचारलंच नाही, आणि चुंगला तेच हवं होतं.

भवन तीन मजली झालं. भिंतींवर पर्सिमनची ही भलीमोठी चित्रं. पुढच्या नवव्या महिन्यात छिऊमोईच्या अंगणात वाऱ्याची झुळूकही आली नाही आणि पहिली सगळी सुपं बुरशीने काळी पडली. वारसा भवनात, आणि वारस उकिरड्यावर फळं ओततेय!

ती तशीच चुंगकडे गेली. तो गोड हसून म्हणाला, "काकू, तुम्ही आमच्या भवनात पंख्याखाली बसा ना. पाहुण्यांसमोर फळं चेपा, छान फोटो निघतील."

"आणि वाळवू कुठे? तुझ्या डोक्यावर?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच पटलं. दुसऱ्या दिवशी तिने उरलेल्या फळांची सुपं भवनाच्या गच्चीवर नेली. अडवलेला सगळा वारा तिथेच तर होता. फळं झकास सुकू लागली आणि पाहुणे गच्चीवर लोटले. चुंगने काय करावं? जिन्याशी पाटी लावली, "पारंपरिक वाळवण", आणि तिकीट ठेवलं. एका सकाळी दारावरच्या नव्या माणसाने सूप घेऊन आलेल्या छिऊमोईकडेच तिकीट मागितलं.

ती भांडली नाही, याचंच मला भय वाटलं. सूप तिथेच ठेवून ती देवळात गेली, मी मागोमाग. चंद्रकोरी उचलून तिने स्वच्छ विचारलं, "आजोबा, माझ्या वाऱ्यासाठी मी तिकीट काढू का?"

तीनदा टाकल्या. तिन्ही वेळा दोन्ही पालथ्या पडल्या. साफ नकार.

तिने माझी शेवयांच्या गच्चीची लांब शिडी मागून घेतली, आपल्या अंगणातून भवनाच्या भिंतीला लावली आणि दारात ठेवलेलं सूप पाठीला बांधून चढली. मी खाली शिडी धरून. चुंग धावत आला आणि नियम सांगू लागला, पडाल म्हणाला, आधी समितीला विचारा म्हणाला.

छिऊमोईने वरून खाली पाहिलंसुद्धा नाही.

"विचारलंय," ती म्हणाली. "या खेपेला प्रश्न माझा होता."