पहिला नंबर मी मागितला

इस्रायलमध्ये, हैफाच्या एका कंपनीत पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने मला फसवलं. माझा पार्सर त्याच्या पार्सरपेक्षा हळू आहे असं त्याने साहेबांसमोर दाखवलं, आणि ते खरं नाही हे त्याला त्याच क्षणी ठाऊक होतं.

पार्सर म्हणजे काय ते आधी सांगतो. वेबसाइटच्या पानाचा साचा एकदाच लिहायचा, मथळ्याच्या, फोटोच्या, बातमीच्या जागा मोकळ्या ठेवायच्या. कुणी पान उघडलं की पार्सर तो साचा वाचतो आणि जागा भरून पान तयार करतो. वर्तमानपत्राच्या साइटवर हे दिवसभर अखंड चालतं, म्हणून सगळी किंमत वेगाला. माझा पार्सर मी दक्षिणेतल्या वाळवंटाकडच्या ओफाकिमला, आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन वर्षं बसून लिहिला. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आम्ही बेने इस्रायल, महाराष्ट्रातून इथे आलेले ज्यू, घरात मराठीच. वाढलो बाजारात, बापाच्या भाजीच्या गाळ्यावर. बाकीचं पुस्तकांतून उचललं.

कंपनी एकच पार्सर घेणार होती, त्याचा किंवा माझा. माझा घेतला तर मला तिथे नोकरी, आणि आईला ओफाकिममधून बाहेर काढता आलं असतं. तिची कापड गिरणी बंद पडली होती. ती दिवसभर खिडकीशी बसून समोरची रिकामी बस थांबताना पाहायची. माझं काम व्हावं म्हणून ती एलियाहू हन्नबी या पैगंबराला मलिद्याचा, गोड पोह्यांच्या ताटाचा, नवस बोलली होती.

चाचणी घेणाराही पुणेकरच होता, म्हणून अटींवर मी त्याच्याशी तासभर भांडलो. कॉम्प्युटर एकच हवा. साचे तेच हवेत. कंपनीचं घड्याळ चालणार नाही, माझ्या डोळ्यांसमोर मोजायचं. सगळं मान्य झालं. मग मी म्हणालो, "आणि पहिला नंबर माझा."

बाप पहिलं गिऱ्हाईक तोट्यातसुद्धा सोडत नसे. बोहनी शेजारच्या गाळ्यावर झाली की त्याचा सगळा दिवस कडू जायचा. ते माझ्या अंगात मुरलेलं होतं.

"पहिला नंबर मलाही हवाय हो," पुणेकर म्हणाला.

"तू इथेच बसतोस. मी तीन बस बदलून आलोय. पहिला मीच."

"अहो, किती भांडाल! असं जुनं मराठी भांडण ऐकायला मिळालं, त्याच्या बदल्यात दिला. घ्या."

साहेबांनी हिब्रूतून विचारलं, तुमचं चाललंय काय? "बेसेदेर," तो हसून म्हणाला, "ठरलं सगळं." मला वाटलं, मी जिंकलो.

माझा पार्सर सुरू झाला तसा डिस्कचा दिवा लुकलुकायला लागला, आत घरघर सुरू झाली. एकेक साचा डिस्कवरून उचलून आणावा लागत होता. मग त्याची पाळी. दिवा जवळजवळ लागलाच नाही, आवाज नाही, आणि माझ्या निम्म्या वेळात काम संपलं. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. तो हात निरोपाचा होता.

दक्षिणेकडे जाणाऱ्या बसमध्ये मला तो न लागलेला दिवा आठवत राहिला. अश्केलोन मागे पडलं तेव्हा डोक्यात लख्ख झालं. माझ्या पाळीत साचे डिस्कवरून आले आणि कॉम्प्युटरच्या मेमरीत राहिले. त्याच्या पार्सरला ते तिथेच आयते मिळाले. ओझं मी वाहिलं होतं. आणि पहिला नंबर मागून घेतला होता तो मीच.

घरी आईने मलिद्याचे पोहे भिजत घातले होते. माझं तोंड पाहून तिने ताट झाकलं आणि खिडकीशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. "उलट्या क्रमाने पुन्हा लाव. किंवा दर वेळी कॉम्प्युटर बंद करून लाव."

"आता कशाला? निर्णय झालाय."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिला नंबर तुम्हीच मागितलात ना? मी नको म्हणत होतो."

"नको म्हणत नव्हतास, मलाही हवाय म्हणत होतास! मी घट्ट धरून बसावं म्हणून!"

"तुम्ही भांडून घेतलंत, मी दिलं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी रिसीव्हर भिंतीवर आपटला. त्याचे तुकडे आईने गोळा केले. साहेबांना मी दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही.

पुढे त्याचा पार्सर कंपनीने सगळ्यांसाठी खुला केला. मी तो उतरवून घेतला, दर वेळी कॉम्प्युटर बंद करून दोन्ही चालवले, एकदा हा पहिला, एकदा तो. दर वेळी माझा पुढे होता. फार नाही, पण पुढे. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. ती ओफाकिममध्येच गेली.

अज्ञानाची शिक्षा मला झाली, ती मी भोगली. पण पुणेकरा, तू जाणकार होतास, आणि परीक्षकाच्या खुर्चीतही तूच बसला होतास. पहिला नंबर मागणाऱ्याला त्यात काय आहे हे एका वाक्यात सांगता आलं असतं, तेही मराठीत. का नाही सांगितलंस? आणि साहेब, तुम्ही माझी दोन पत्रं वाचलीत की नाही? मला दोघांकडून उत्तर हवंय, आणि ते लेखी हवंय.