हक्कसोडीची साडी

नोंदणी कार्यालयाच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, गुरुशांत बिराजदारांचं टेबल आहे. त्याला चिकटून माझं झेरॉक्सचं दुकान. दुकान कसलं, सहा फुटांची टपरी. त्यामुळे त्यांच्या टेबलावर काय बोललं जातं ते मला ऐकायचं नसलं तरी ऐकू येतं. सात वर्षं झाली. आता कोणी मलाच विचारलं तर मशीन न थांबवता अर्धी उत्तरं मी देते. त्याआधी एकदा मीही त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून आले होते, पण ते असू दे.

माणूस दस्तलेखक, म्हणजे घर विकणाऱ्या-घेणाऱ्यांचे कागद तयार करून देणारा. सगळे अण्णा म्हणतात. वय अठ्ठावन्न, कपाळाला विभूती, शर्ट पांढरा आणि तोंड फटकळ. तोंड फटकळ असायला कारण आहे. रोज तेच तेच प्रश्न. एकजण येतो, साठेखत झालंय, आता घर माझंच की. अण्णा म्हणतात, सुपारी फुटली म्हणजे संसार झाला व्हय? खरेदीखत नोंदवून घे आधी. दुसरा नोटरीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणतो. वीस वर्षं त्या कागदाच्या भरवशावर निवांत झोपलेला असतो बिचारा. त्याला ते सांगतात, नोटरीनं तुझी सही बघितली, घर दिलं नाही. घरपट्टी माझ्याच नावानं येते, असं कोणी म्हटलं की मात्र लई चिडतात. घरपट्टी कोणीही भरली तरी महापालिका घेते, नको म्हणते का? आणि सोसायटीच्या फ्लॅटचा नॉमिनी आला, की त्याला म्हणतात, तू राखणदार, मालक नव्हेस. वारस कोण आहेत ते सांग.

एक प्रश्न मात्र कोणी मोठ्यानं विचारत नाही. बहीण तिकडे सावलीत बसलेली असते आणि भाऊ टेबलावर वाकून विचारतो, तिची सही लागते का हो? लागते. पण लग्नाला तीस वर्षं झाली तिच्या, भाऊ म्हणतो. अण्णा म्हणतात, मग काय, लग्नात बाप बदलला का तिचा? वडील मृत्युपत्र न करता गेले असले तर वडलांच्या घरात मुलीचा हिस्सा मुलाएवढाच. घर विकायचं तर तिनंही विकणारी म्हणून सही करायची आणि आपला हिस्सा घ्यायचा. नाहीतर आधी हक्कसोडपत्र करून द्यायचं.

आमच्याकडे सर्रास दुसरंच चालतं. बहीण गावाहून येते, दाखवतील तिथे सही करते. मग भाऊ साडी देतो, भावजय ओटी भरते, दुपारी पुरणपोळी होते आणि संध्याकाळच्या गाडीनं ती परत जाते. साडी बऱ्यापैकी असते. घराच्या मानानं म्हटलं तर काहीच नाही.

यात अण्णांचा एक नियम. बाईला हक्कसोडपत्र पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. चारी बाजूंच्या हद्दींसकट. वाचून झालं की चष्मा काढायचा आणि विचारायचं, बाई, समजलं का? नको असेल तर आत्ता सांगा. बहुतेक बायका मान डोलावतात. काही थोड्या उठून गेल्या. त्यांच्या भावांनी अण्णांना शिव्या घातल्या, एकानं तर टेबल उलटं केलं. अण्णांनी कागद गोळा केले आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं. मला हा माणूस आवडतो तो यासाठी.

मागच्या वर्षी त्यांनी स्वतःचं शेळगीतलं घर विकायला काढलं. घर वडलांचं. आई-वडील दोघंही गेलेले. वारस दोनच, अण्णा आणि थोरली बहीण चंद्रव्वा, जिला ते अक्का म्हणतात. मुलाची सोयरीक जवळजवळ ठरलेली, पण मुलीकडच्यांचं म्हणणं एकच, दोन खोल्यांचा तरी फ्लॅट पाहिजे. सगळे पैसे मिळाले तर फ्लॅट होत होता, निम्म्यात नाही. अण्णांनी रात्रंदिवस हाच हिशोब केला असणार. मग एका सोमवारी अक्काला होटगीहून बोलावून घेतलं. टेबलाखाली पिशवीत नवी इरकली साडी होती. मी ती बघितली आणि मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

अण्णा कार्यालयात नंबर बघायला गेले तेव्हा अक्का माझ्या स्टुलावर बसली होती. नवरा गवंडी होता तिचा, दहा वर्षांपूर्वी गेला. आता दिराच्या घरात मागच्या पडवीत राहते. एकुलती लेक राजेश्वरी करकंबला दिलेली. लेक माहेरपणाला आली तर तिला रात्री टेकायला जागा नाही. सकाळी येते, आईशी बोलते, संध्याकाळी लेकरांना घेऊन परत. शेळगीच्या घराचा निम्मा वाटा मिळाला तर होटगीतच दोन पत्र्याच्या खोल्या होत होत्या. हे सगळं तिनं मला सांगितलं, भावाला नाही. भावाला कसं सांगायचं, म्हणाली. त्याच्या पोराचं लग्न हाय.

अण्णा आले. कागद टेबलावर ठेवले, पेनाचं टोपण काढलं आणि बोट ठेवून म्हणाले, अक्का, हितं सही कर.

माझं मशीन चालू होतं, ते मी बंद केलं. शेजारचा मुद्रांक विक्रेता सिद्धलिंगप्पा हातातला चहा तसाच धरून बघत राहिला. या फाटकाबाहेर इतक्या वर्षांत अण्णांनी न वाचता सही मागितलेली कोणी ऐकली नव्हती.

अक्कानं पेन घेतलं. कागदाकडे बघितलं. मग पेन खाली ठेवलं.

"वाच की," ती म्हणाली.

अण्णा म्हणाले, घरचाच कागद हाय, वाचायचं काय त्यात. अक्का शांतपणे म्हणाली, "माझ्या जावंला मीच तुझ्याकडं धाडली होती. माझा भाऊ वाचल्याबिगर सही घेत न्हाय, असं सांगून. साऱ्या होटगीत सांगितलंय मी."

अण्णांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. पहिल्या पानाला आवाज नेहमीचा होता. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ. 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' या ओळीवर अडखळले, ती परत वाचली. मग पुढे गेले. संपवलं. चष्मा काढला आणि पुसत बसले.

"म्होरचं इचार की, तम्मा," अक्का म्हणाली. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात.

मग त्यांनी विचारलं, दरवेळी विचारतात त्याच शब्दांत. "समजलं का? नको असेल तर आत्ता सांग."

"नको," अक्का म्हणाली. "माझ्या लेकीला माहेर न्हाय, तम्मा. एवढं एक दार पाहिजे मला."

अण्णांनी कागद उभा धरला, मधोमध फाडला आणि टेबलाखालच्या डब्यात टाकला. सिद्धलिंगप्पाचा चहा तसाच राहिला. मग अण्णांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि खरेदीखत नव्यानं टाइप करायला घेतलं. लिहून देणार पहिली, चंद्रव्वा. लिहून देणार दुसरा, गुरुशांत. ती थोरली, म्हणून तिचं नाव आधी.

दस्त पुढच्या सोमवारी नोंदवला. त्यांची बायको महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही म्हणे. सोयरीक मोडली नाही, पण लांबली. एका खोलीचा फ्लॅट घेतलाय, जुळे सोलापूरच्या पुढे. अण्णा तेव्हापासून थोडे कमी ओरडतात. बाकी सगळं तसंच.

नोंदणीच्या दिवशी अक्का खरेदीखताची झेरॉक्स काढायला माझ्याकडे आली. काखेत इरकली साडीची पिशवी होती, अण्णांनी ती दिलीच होती. मी पानं लावून दिली. तिनं ती एकेक करून मोजली आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुला भाऊ हायत का गं?"

"दोन आहेत."

"आन् बापाचं घर?"

"सही दिली. आठ वर्षं झाली." घरी एक अबोली साडी आहे माझ्याकडे. तिची घडी अजून मोडलेली नाही.

अक्कानं टेबलाकडे बघितलं. अण्णा कोणाला तरी साठेखत समजावत होते.

"कोणाकडं दिली? त्यानं वाचून न्हाय दाखवलं?"

"दाखवलं की," मी म्हणाले. "समजलं का म्हणूनसुद्धा विचारलं."